ॲपचं कोटेशन मागवण्याआधी

भिलाईतल्या एखाद्या सेवाभावी मंडळात तंत्रज्ञानाचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला: ॲप केवढ्याला पडेल? तंत्रज्ञान म्हणजे ॲप आणि माध्यमं म्हणजे व्हिडिओ, हा समज इतका पक्का बसलाय की आपल्याच छत्तीसगडमधलं उदाहरण कुणाला आठवत नाही.

बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी 2010 साली 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. त्याला लागतो बटणांचा साधा फोन. मिस्ड कॉल दिला की उलट फोन येतो. बोलायचं असेल तर 1 दाबायचं, ऐकायचं असेल तर 2. इंटरनेट नको, लिहितावाचता यायला नको. बस्तरकडचा माणूस आपलं नाव आणि गाव सांगतो, हातपंप कधीपासून बंद आहे ते सांगतो आणि शेवटी संबंधित अधिकाऱ्याचा मोबाइल नंबर सांगून विनंती करतो, की ऐकणाऱ्यांनी यांना फोन करावा. दूरच्या शहरांतले श्रोते खरोखर फोन करतात. पंप दुरुस्त झाला की गावातून पुन्हा फोन येतो, काम झालं म्हणून. मला हा दुसरा फोन सर्वांत मोलाचा वाटतो. किती जणांनी पाहिलं, यापेक्षा काय झालं याची नोंद त्यात आहे.

अशा सेवेवर कुणीही काहीही बोलावं आणि ते तसंच लोकांपर्यंत जावं, असंही नाही. आलेला निरोप आधी संपादक ऐकतात, पडताळतात, मगच तो पुढे जातो. ही माणसं नसतील तर यंत्रणेवर कुणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून खर्चाचा अंदाज करताना यंत्राइतकाच त्यांचा पगारही धरावा.

'हिंदी सगळ्यांना कळते' हे भिलाईच्या टाउनशिपमध्ये खरं आहे. बस्तरच्या किंवा पलीकडे गडचिरोलीच्या अनेक गावांत मात्र गोंडीशिवाय बोलणं पोचत नाही. 2011च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांवर होते, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. सीजीनेटवर गोंडीतले निरोप येतात, ते यामुळेच. जिथे नेटवर्कच नाही तिथे ध्वनिफिती ब्लूटूथने एका फोनमधून दुसऱ्यात दिल्या गेल्या. लोक त्याला 'बुल्टू रेडिओ' म्हणतात.

स्वतःचं रेडिओ केंद्र काढणं मोठ्या कंपन्यांनाच जमतं, हाही गैरसमज. 2006च्या धोरणापासून किमान तीन वर्षं जुन्या नोंदणीकृत संस्थेला सामुदायिक रेडिओसाठी अर्ज करता येतो. मात्र स्वतंत्र बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात.

देणगीदारांना दाखवायला बालगृहातल्या मुलांचे चेहरे फेसबुकवर टाकण्यात काही वावगं नाही, असं अनेकांना वाटतं. पण 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. त्यांचे फोटो आजच काढून टाका.

पैशांचंही तसंच. एखाद्या सदस्याचा परदेशात राहणारा मुलगा भारतीय पासपोर्टधारक असेल, तर त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी देणगी ठरत नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र परदेशी देणग्यांचा कायदा (एफसीआरए) लागू होतो. मग क्यूआर कोड पाठवून भागत नाही. नोंदणी आणि स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या ठरावीक शाखेतलं खातं लागतं.

तेव्हा पुढच्या बैठकीआधी वस्तीत एक फेरी मारा. घरात फोन कोणता, तो दिवसभर कुणाच्या हातात असतो, रिचार्ज कोण भरतं आणि आपसात कोणत्या भाषेत बोलतात, एवढं विचारून या. कोटेशन त्यानंतर मागवा.