लोणारच्या पाण्यातील १६ अक्षरी शब्द

इंग्रजी शब्दकोडे सोडविणाऱ्यांची नेहमीची अडचण अशी, की हाती शब्दाच्या मधली अक्षरे असतात आणि शब्दकोश मात्र पहिल्या अक्षराने उघडतो. अशा वेळी अक्षरांच्या जोडीवरून शब्दाचे कूळ हुडकावे लागते. 'पी' आणि 'एच' शेजारी येऊन 'फ'चा उच्चार देत असतील, तर शब्द बहुधा ग्रीक मुळाचा. मग 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'फिल' म्हणजे प्रेमी, असे तुकडे जुळवून पाहता येतात.

याचा उत्तम नमुना बुलढाणा जिल्ह्यात सापडतो. लोणार सरोवरातील अनेक सूक्ष्मजीवांना शास्त्रज्ञ 'हॅलोअल्कलीफिलिक' म्हणतात. इंग्रजीत अक्षरे १६, त्यांत 'एल' चार! नुसत्या पाठांतराने हे स्पेलिंग टिकणे कठीण. फोड केली की सोपे होते. 'हॅलो' हे ग्रीकांचे मीठ, 'अल्कली' अरबीतून आलेला आणि 'फिलिक' म्हणजे आवड असणारा. खारट, क्षारयुक्त पाण्यात रमणारे जीव, एवढाच अर्थ. (सरोवराचा सामू, म्हणजे रसायनशास्त्रातला 'पीएच', १० च्या आसपास असतो; त्या दोन अक्षरांचा 'फ'शी मात्र संबंध नाही.)

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने शोधलेल्या कारणाचे नावही 'हॅलो'नेच सुरू होते, हॅलोआर्किया.