गावचा रेडिओ कसा घडतो

सामुदायिक रेडिओ २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही खुला झाला. माण तालुक्यातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ मध्ये त्यातूनच उभी राहिली. अशा केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. मग निर्माता जात्यावरच्या ओव्या, छाटणी, बाळंतपण, बाजारहाट यांत विषय शोधतो. ध्वनिमुद्रण मात्र कसून करावं लागतं. पंखा बंद, माइक तोंडापासून वीतभर आणि जरा तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. आजीबाई बोलता बोलता थांबल्या तर मध्ये तोंड घालू नये. खरी गोष्ट बहुधा त्यानंतरच येते. प्रक्षेपण जेमतेम १०-१५ किलोमीटर पोहोचतं. त्यामुळे गावोगावच्या तरुणांनो, केंद्राची वाट न पाहता थोरांचे आवाज मोबाईलवर आजच टिपायला घ्या.