९१ गुणांचा धूर

स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला नोकरी करत होतो तेव्हा मी एक वही ठेवली होती. डाव्या पानावर सिगार, उजव्या पानावर त्याच्यासोबत घेतलेली स्कॉच, आणि तळाशी दोघांच्या जोडीला शंभरांपैकी गुण. पुण्याला परतल्यावर एकदा ती वही चाळताना लक्षात आलं, की एकाच खोक्यातल्या दोन क्यूबन सिगारांना मी वेगवेगळे गुण दिले होते. ऑगस्टमध्ये ९१, नोव्हेंबरमध्ये ८३. दोन्ही वेळा व्हिस्की तीच, बाटलीही तीच. शेरे मात्र दोन्हीकडे इतके ठाम, की वाचणाऱ्याला माझ्या जिभेबद्दल आदर वाटावा.

तेव्हापासून या गुणांच्या मागे लागलो. मद्याच्या जगात शंभर गुणांची मोजपट्टी रूढ केली ती रॉबर्ट पार्कर या अमेरिकी वाइन-समीक्षकाने, १९७८ पासून. ती थेट अमेरिकी शाळेच्या प्रगतिपुस्तकातून आलेली. १९८९ मध्ये मायकल जॅक्सनने (गायक नव्हे, त्याच नावाचा इंग्रज पत्रकार) आपल्या पुस्तकात माल्ट व्हिस्कींना असे गुण दिले, आणि १९९२ मध्ये न्यूयॉर्कहून मार्विन शँकेनचं ‘सिगार अफिशिओनाडो’ हे मासिक सुरू झालं. तिथली पद्धत काटेकोर आहे. सिगारवरची नावाची पट्टी काढून त्या जागी आकडा लिहिलेली पांढरी पट्टी लावतात, म्हणजे परीक्षकाला घराणं कळत नाही. मग बांधणी आणि रूप, चव, जळण्याची रीत आणि एकूण मत अशा चार बाबी पाहतात. ९० च्या वर ‘उत्कृष्ट’; ७० च्या खाली ‘पैसे घालवू नका’. म्हणजे नावाला शंभर असले तरी सगळा व्यवहार वरच्या तीस गुणांत. आमच्या शाळेतले मास्तर याला परीक्षा म्हणाले नसते.

नाव झाकल्याने पक्षपात टळतो, पण माणूस स्वतःशीच सुसंगत राहतो का? रॉबर्ट हॉजसन हा कॅलिफोर्नियातला वाइन बनवणारा गृहस्थ. आपल्या वाइनला कुठे सुवर्णपदक मिळतं आणि कुठे काहीच मिळत नाही, याने तो बुचकळ्यात पडला. त्याने राज्याच्या वाइन स्पर्धेतल्या परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा पाजायची सोय केली. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले: जेमतेम दहा टक्के परीक्षक आपल्या मताच्या जवळपास राहिले होते. हे वाचून मला माझ्या ९१ आणि ८३ ची लाज कमी वाटू लागली.

या दोन आकड्यांमधला फरक पडला कसा, हे समजायला आधी तोंडात काय घडतं ते पाहायला हवं. सिगारचं पान शेतातून आल्यावर थप्प्या रचून आंबवतात. थप्पी आतून तापते, अमोनिया निघून जातो, उग्रपणा उतरतो. आत भरायची पानं वेगवेगळ्या ताकदीची असतात. झाडाच्या शेंड्याकडची, जास्त ऊन खाल्लेली पानं सगळ्यांत कडक. सिगारचा धूर क्षारधर्मी असल्याने निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरतं. म्हणून सिगार छातीत ओढत नाहीत. धूर तोंडात घोळवायचा आणि थोडा नाकावाटे सोडायचा. ज्याला आपण सिगारची चव म्हणतो ती बहुतेक वासच असते.

स्कॉच किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात राहिलेली असते. त्या लाकडातून व्हॅनिलाचा गोडवा येतो. पिंप आधी शेरीचं असेल तर सुक्या मेव्याचा. हा गोडवा सिगारच्या कडवटपणासमोर उभा राहतो. आयला बेटावरच्या अनेक व्हिस्कींची तऱ्हा उलट. त्यांचं सातू पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या धुरावर वाळवलेलं असतं. त्या धुरातलं ग्वायकॉल सिगारच्या धुरातही असतं. तिथे जोडी जमते ती विरोधाने नाही, सगोत्र असल्याने. आणि सगोत्र जोडीत एकाने दुसऱ्याला झाकून टाकायचा धोका असतोच. पाण्याच्या चार थेंबांनीही फरक पडतो. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकावर गणित मांडून दाखवलं, की पाणी घातल्यावर ग्वायकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतं. पृष्ठभागाकडे म्हणजे नाकाकडे.

आता नोव्हेंबरची ती रात्र. २००६ पासून स्कॉटलंडमध्ये सार्वजनिक जागी छताखाली धूम्रपानाला बंदी आहे, आणि माझ्या घरमालकाने भाडेकरारातही तेच लिहिलं होतं. मी परसात, अंगावर दोन स्वेटर, उत्तर समुद्राकडून येणारा वारा. थंडीत ग्लासमधून वास वर येत नाही, वाऱ्याने सिगार एका कडेने भराभर जळतो, धूर तापतो आणि तापला की कडू होतो. ऑगस्टमध्ये त्याच परसात उशिरापर्यंत उजेड होता आणि पान हलत नव्हतं. मी सिगारला ८३ दिले नव्हते, वाऱ्याला दिले होते.

वहीत सुरुवातीचे शेरे इंग्रजी आहेत. लेदर, सीडर, कोको. ते मासिकांतून उचललेले. पुढे कंटाळून मी मराठीत लिहू लागलो आणि वही एकदम खरी झाली. लेदर म्हणजे नवी कोल्हापुरी वहाण. सीडर म्हणजे टोक केलेली शिसपेन्सिल. आयलाची व्हिस्की म्हणजे आजोळचा पाणी तापवायचा बंब आणि शेजारी टिंक्चर आयोडीनची बाटली. शिवाय आपल्याकडे आगीच्या पायऱ्यांना वेगवेगळे शब्द आहेत: खमंग, खरपूस, करपट, जळका. सिगार नेमका याच पायऱ्यांनी जातो. पहिला भाग खमंग, मधला खरपूस. शेवटी मागे साचलेलं डांबर आणि निकोटीन तापून करपट. स्वयंपाकघराने घडवलेले हे शब्द. शंभरांतल्या एकाही आकड्यात सिगारचा हा प्रवास मावत नाही.

वहीत एक रकाना मात्र मी कधी आखला नाही. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. तंबाखू आणि मद्य एकत्र आले, की तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका दोघांच्या बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. मद्य तोंडाच्या अस्तराला मोकळं करतं आणि धुरातली विषं आत शिरतात. मी ज्याला जोडी जमणं म्हणत होतो, त्याचीच ही दुसरी बाजू. परतल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आरशात माझ्या जिभेच्या कडेवरचा पांढरा चट्टा दाखवला. तुकडा तपासायला गेला. नऊ दिवसांनी अहवाल आला, त्यात कर्करोग नव्हता. त्या नऊ दिवसांत दोन्ही सुटलं, ते सुटलंच.

आता वही अधूनमधून काढतो. आकडे वाचून काहीच आठवत नाही. पण एका पानावर लिहिलंय: ‘बंब. ओली गोवरी. आई हाक मारतेय, पाणी तापलं.’ ते वाचलं, की जिभेच्या मागे तो धूर येतो. त्या पानावर गुण लिहायचे राहून गेलेत.