लाकडाचे आकसणे आणि सुताराची तजवीज

सुताराच्या लहानशा कारखान्यात नव्या कामाबरोबर दुरुस्तीचेही काम बरेच येते. पावसाळ्यात दार चौकटीत बसेना, म्हणून रंधा मारण्यास बोलावणे येते. उन्हाळ्यात देव्हाऱ्याची पाठफळी चिरली, म्हणून कोणी तो उचलून आणतो. या तक्रारी परस्परविरुद्ध भासल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. झाड तोडले तरी लाकडाचे हवेतील ओलावा घेणे आणि सोडणे थांबत नाही.

हवेतील दमटपणा 80 टक्के असला, की लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे 16 टक्के पाणी राहते. दमटपणा 30 टक्क्यांवर टिकून राहिला, तर ते 6 टक्क्यांच्या आसपास येते. पाणी गेले की लाकूड आकसते. पण लांबीत नाममात्र आणि रुंदीत पुष्कळ. एवढ्या फरकाने एक फूट रुंद सागवानी फळी, ती बुंध्यातून जशी चिरली असेल त्या मानाने, एक ते दोन सूत, म्हणजे पाव इंचापर्यंत कमी भरते. म्हणून गोव्याच्या पावसाळ्यात घडविलेले टेबल ग्वाल्हेरच्या मे महिन्यात गेले, की सुताराच्या कामाची परीक्षा होते.

जाणता सुतार लाकडाशी झगडत नाही. त्याला हलावयास जागा ठेवतो. दाराच्या चौकटीच्या एका लाकडात खाच पाडून दुसऱ्याचे कुसू तीत घट्ट बसवितो. मधली फळी मात्र खोबणीत सरस न लावता सैल ठेवतो. टेबलाच्या वरच्या फळीसाठी स्क्रूची भोके आडवी लांबट पाडतो. प्लायवुडात पातळ थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असल्याने एकाची ओढ दुसरा आवरून धरतो.

मात्र ओल्या लाकडाची उणीव कोणत्याही सांध्याने भरून निघत नाही. चिरलेल्या फळ्या सावलीत, थराथरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्या लागतात, म्हणजे चहूकडून वारा खेळतो. टोकांतून ओलावा लवकर निघून ती तडकतात, म्हणून त्यांना रंग किंवा मेण लावतात. यात महिनेच्या महिने जातात आणि सुताराचे भांडवल तेवढे दिवस अडकून पडते.

लग्नाची तिथी जवळ आली, की गिऱ्हाइकाला पलंग आठ दिवसांत हवा असतो. ओल्या लाकडाचा पलंग त्या दिवशी सुरेखच दिसतो. सांधे कुरकुरू लागतात ते पुढच्या उन्हाळ्यात, आणि बोल लागतो सुताराच्या हाताला. तेव्हा काम सांगताना दराबरोबर लाकूड किती दिवस वाळले आहे हेही विचारावे. तसेच पावसाळ्यात अडणारे दार लागलीच फार रंधून घेऊ नये. हवा कोरडी होईपर्यंत थांबावे, नाहीतर उन्हाळ्यात तेथेच फट पडते.