नमुन्यांची वही आणि आपलें बळ



‘मला पोर्टफोलिओ करावयाचा आहे’ हें वाक्य हल्लीं पुष्कळ सुशिक्षित घरांतून ऐकूं येऊं लागलें आहे. मुलाला किंवा मुलीला जाहिरातींत मॉडेल म्हणून काम करावयाचें असतें, किंवा रंगभूषेचा धंदा पत्करावयाचा असतो. त्यासाठीं एखाद्या छायाचित्रकाराकडे जावयाचें, त्याची भलीमोठी फी भरावयाची, आणि तीस-चाळीस चित्रांचा देखणा ग्रंथ घरीं आणावयाचा, एवढें आईबापांना समजतें. पुढें तो ग्रंथ कोण पाहतो, काय पाहून बाजूला सारतो, आणि त्यांत मुळांत काय असावयास हवें होतें, हें मात्र त्यांना सहसा कोणी सांगत नाहीं. पैसे भरून झालेले असतात आणि पोर खट्टू होऊन घरीं बसलेलें असतें. म्हणून या विषयाची थोडी फोड आज करावी असें योजिलें आहे.

शाळामास्तराला या विषयांत बोलण्याचा अधिकार काय, असें कोणी विचारील. अधिकार बेताचाच आहे. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळीं पॅनकेकची डबी आणि काजळ घेऊन मीं वर्षानुवर्षें मुलांचे मावळे, अफझलखान आणि झांशीच्या राण्या केल्या. आणि माझ्या हाताखालून गेलेल्या कांहीं मुलामुलींनीं पुढें याच धंद्यांत पाऊल टाकल्यामुळें त्यांच्या वह्या पाहण्याचा योग आला. बाकीचें वाचून आणि विचारून मिळविलेलें आहे.

प्रथम शब्दाकडे पाहूं. मूळ शब्द इटालियन आहे. ‘पोर्तारे’ म्हणजे वाहणें आणि ‘फोल्यो’ म्हणजे पान. सुटीं पानें घालून न्यावयाचें दप्तर, तो पोर्टफोलिओ. आज तीं पानें कागदाचींच असतात असें नाहीं. बहुधा हातांतल्या फोनच्या पडद्यावर तीं बोटानें सरकवून पाहिलीं जातात. पण दप्तर कांचेचें असो कीं पुठ्ठ्याचें असो, काम तेंच. आपण समोर नसतांना आपल्या वतीनें बोलणारा तो वकील आहे, आणि त्याला बोलावयास मिळणारा वेळ फार थोडा असतो.

आतां आपल्या घरांतून जी चूक होते ती शाळेनेंच लावलेल्या एका संवयीमुळें होते, असें मला वाटतें. मुलाला मराठींत ८० गुण मिळाले आणि गणितांत ३० मिळाले, तर आपण शिकवणी गणिताची लावतों. तें योग्यच आहे, कारण शेवटीं सगळ्या विषयांची बेरीज होते. तीच दृष्टि आपण चित्रांच्या वहीला लावतों. साडींतलें एक चित्र, पाश्चात्य पोषाखांतलें एक, हंसरें एक, गंभीर एक, नाचतांना एक, पोहण्याच्या तलावाकाठीं एक. जणुं कांहीं सगळ्या विषयांचे पेपर लिहून झाले पाहिजेत! परंतु वही पाहणारा मनुष्य बेरीज करीत नाहीं. त्याला एक ठराविक काम करून घ्यावयाचें असतें. घड्याळ विकणाऱ्याला मनगट आणि बोटें पाहिजे असतात. गुडघ्यांशीं त्याला कर्तव्य नसतें. त्याच्या कामाचें एक चित्र उत्तम असेल तर तो थांबतो, नसेल तर पुढें जातो. आणि दहा चांगल्या चित्रांत दोन वाईट चित्रें दिसलीं, तर त्याच्या मनांत जी शंका येते ती त्या दोन चित्रांपुरती राहत नाहीं. आपलें चांगलें कोणतें आणि वाईट कोणतें हें या व्यक्तीला स्वतःलाच कळत नाहीं, असें तो समजतो. निवड हीसुद्धां वहींत दिसणारी एक करामतच आहे.

ज्याला आपण उणीव म्हणतों तेंच कधीं कधीं बळ ठरतें. या बाबतींत लंडनमधील लेस्ली हॉर्नबी या मुलीची हकीकत बोधप्रद आहे. तिचा जन्म १९४९ चा. उंची साडेपांच फूट, म्हणजे त्या धंद्याच्या मानानें ठेंगणी. अंगानें इतकी किडकिडीत कीं ‘ट्विगी’, म्हणजे काटकुळी, हें नांव तिला पडलें. १९६६ सालीं लिओनार्ड नांवाच्या प्रसिद्ध केशकर्तनकारानें तिचे केस मुलासारखे आखूड कापले आणि बॅरी लॅटेगन या छायाचित्रकारानें तिचे फोटो घेतले. ते फोटो लिओनार्डच्या दुकानांत टांगलेले असतांना ‘डेली एक्स्प्रेस’ पत्राच्या डीअर्ड्री मॅकशॅरी या बाईंच्या दृष्टीस पडले, आणि त्या पत्रानें तिला ‘६६ सालचा चेहरा’ म्हणून जाहीर केलें. ती तेव्हां सोळा वर्षांची होती. या फोटोंत काय होतें? उंच टांचा घालून वाढविलेली उंची नव्हती, कीं पोषाखांत कांहीं भरून आणलेली पुष्टता नव्हती. होता तो आखूड केसांमुळें उघडा पडलेला लहानसा चेहरा आणि त्यांतले मोठे डोळे. खालच्या पापण्यांचे केस रंगानें रेखून तिनें ते डोळे आणखी मोठे केले होते. जें तिच्यापाशीं होतें तेवढेंच, पण तें पुरेपूर पुढें आणलें होतें. तिनें इतरांसारखें दिसण्याचा यत्न केला असता तर ती इतरांपैकीं एक, आणि त्यांतली सर्वांत ठेंगणी ठरली असती.

अमेरिकेंतील लॉरेन हटन हिच्या पुढच्या दोन दातांत फट होती. ती बुजवून घे असा सल्ला तिला मिळाला, आणि कांहीं काळ ती मेण लावून फट बुजवीतही असे. अखेर ती फट तशीच राहिली, आणि १९७३ सालीं रेव्हलॉन या प्रसाधनांच्या कंपनीनें तिच्याशीं मोठा करार केला. आपल्याकडचींही उदाहरणें आहेत. मिलिंद सोमण हे मूळचे राष्ट्रीय स्पर्धा गाजविलेले जलतरणपटू. पोहून कमावलेली काठी हेंच त्यांचें मॉडेल म्हणून भांडवल झालें. नागपूरच्या मधु सप्रे याही खेळाच्या मैदानावरून आलेल्या; १९९२ च्या ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेंत त्या तिसऱ्या आल्या. त्यांचा वर्ण सांवळा, आणि त्यांनीं तो कधीं लपविला नाहीं.

वर्णाची गोष्ट निघाली आहे तर ती स्पष्टच बोलली पाहिजे, कारण आमच्या घरांतील जास्तींत जास्त पैसा आणि अश्रु याच पायीं जातात. गोरेपणाचें मलम आपल्या देशांत १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ या नांवानें विकलें गेलें. २०२० सालीं कंपनीनें त्यांतला ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ हा शब्द घातला. मनांतला शब्द मात्र तितक्या लवकर निघत नाहीं. छायाचित्रकारही आईबापांची मर्जी ओळखून मुलीचा चेहरा यंत्रावर दोन छटा उजळ करून देतो. मग होतें काय, तर चित्र पाहून बोलावणें येतें, मुलगी दारांत उभी राहते, आणि पाहणारा एकदां तिच्याकडे व एकदां चित्राकडे पाहतो. माझ्या ओळखीच्या एका मुलीवर हा प्रसंग आला. तिला कोणी अपमानाचा शब्द बोललें नाहीं. ‘कळवूं’ एवढेंच सांगितलें. पण त्या चित्रानें तिच्याविषयीं खोटी साक्ष दिली होती, आणि सांवळ्या चेहऱ्याची ज्याला गरज होती त्याच्यापर्यंत ती पोंचलीच नव्हती. तिच्या कांतीला एक मऊ, गव्हाळ-तांबूस झांक आहे. सोन्याच्या दागिन्यांना तिच्याइतकी चांगली पार्श्वभूमि शोधून मिळावयाची नाहीं. वहींत नेमकी तीच पुसून टाकली होती.

म्हणूनच समजदार एजन्सी प्रथम साधीं चित्रें मागतात. रंग नाहीं, केसांची रचना नाहीं, साधा अंगासरसा पोषाख, खिडकीजवळचा उजेड; एक समोरून, एक बाजूनें, एक पूर्ण उभें. हीं घरींही काढतां येतात आणि त्यांना जवळजवळ कांहीं खर्च पडत नाहीं. येथेंच एक सावधगिरीची सूचना देतों. सचोटीची एजन्सी आपला हिस्सा मिळालेल्या कामांतून घेते. ‘आधीं आमच्याच माणसाकडून इतक्या हजारांचा पोर्टफोलिओ काढा, मग नांव नोंदवूं’ असें जो म्हणतो, त्याचा धंदा काम मिळवून देण्याचा नसून पोर्टफोलिओ विकण्याचा आहे, असें समजावें.

आतां रंगभूषेकडे वळूं. मॉडेलला आपलें शरीर मिळालेलें असतें. रंगभूषाकाराला आपलें बळ शोधून काढावें लागतें, म्हणून हा भाग अधिक कठीण आणि मला अधिक आवडीचाही आहे.

मूकपटांच्या काळांतला लॉन चेनी हा नट आपली रंगभूषा स्वतः करी. त्याचे आईबाप दोघेही बहिरे होते. लहानपणापासून चेहऱ्यानें आणि हातांनीं बोलण्याची त्याला संवय, आणि तीच त्याची शक्ति झाली. त्यानें आपल्याला राजबिंडा नायक करण्यांत रंग खर्च केला नाहीं. १९२३ सालीं तो नोत्र दामचा कुबडा झाला, १९२५ सालीं ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ मध्यें कवटीसारख्या चेहऱ्याचा पुरुष झाला. ब्रिटानिका ज्ञानकोशाच्या १९२९ च्या आवृत्तींत रंगभूषेवरील लेख त्यानेंच लिहिला, यावरून त्याची योग्यता कळेल. आपल्याकडे विक्रम गायकवाड यांचें नांव सांगतां येईल. २०११ सालच्या चित्रपटांसाठीं त्यांना जें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, त्यांत ‘बालगंधर्व’ हा मराठी चित्रपट होता. सुबोध भावे या पुरुष नटाचे बालगंधर्व करावयाचे, आणि त्या बालगंधर्वांची पुन्हां रंगभूमीवरची नायिका करावयाची, असें तें दुहेरी काम होतें. चरित्रांतली व्यक्ति नटाच्या चेहऱ्यावर उभी करणें ही गायकवाडांची खासियत. २०२५ मध्यें ते वारले.

एवढ्या मोठ्या उंचीवरून आपण आपल्या गल्लींत येऊं. माझी एक विद्यार्थिनी नवऱ्यामुलींची रंगभूषा करते. धंदा सुरू करतांना तिनें मला जी वही दाखविली तींत चाळीस चित्रें होतीं. नवरी होती, भूत होतें, जखमी सैनिक होता, अंगभर मोराचे रंग फासलेली मुलगी होती. ज्या वर्गांत ती शिकली तेथें ‘सर्व प्रकार आले पाहिजेत’ असें सांगण्यांत आलें होतें. मीं तिला एवढेंच विचारलें कीं, ‘बाई, एकदां येऊन पुन्हां तुझ्याकडेच आलेलीं गिऱ्हाइकें कोणतीं?’ ती विचारांत पडली आणि म्हणाली, ‘सर, सांवळ्या मुली परत येतात. त्यांच्या मानेचा आणि तोंडाचा रंग माझ्या हातून एकच राहतो.’ हें तिचें बळ! तीन बहिणींच्या तोंडावर हात बसवून घेतलेला होता. आणि चाळीस चित्रांत अशीं चित्रें होतीं अवघीं सात. उरलेलीं पाहून गिऱ्हाइकाला वाटावें कीं या बाईंकडे भूत करून मिळतें.

आपलें बळ ओळखण्याची कसोटी हीच धरावी. आपल्याला काय आवडतें हें विचारूं नये; लोक कशासाठीं परत येतात हें पाहावें. दोन्ही एकच असलीं तर भाग्य.

मग वही कशी लावावी? बारा ते पंधरा चित्रें पुष्कळ झालीं. सर्वांत उत्तम चित्र पहिलें, त्याच्या तोडीचें शेवटीं. रंगापूर्वीचें आणि रंगानंतरचें चित्र जवळजवळ ठेवावें, पण दोन्ही एकाच उजेडांत घेतलेलीं असावींत. आधींचें अंधारांत आणि नंतरचें झगझगाटांत घेणें ही चलाखी आतां सर्वांना माहीत झाली आहे. एक तरी चित्र इतकें जवळून असावें कीं कातडीचे बारीक छेद दिसावेत. यंत्रावर गुळगुळीत केलेला चेहरा रंगभूषाकाराचें कौशल्य सांगत नाहीं, तो यंत्राचें सांगतो. आणि लग्नघरीं सासरकडच्या बायका साध्या डोळ्यांनींच पाहावयाच्या असतात. त्या विद्यार्थिनीला मीं आणखी एक गोष्ट सुचविली होती. वैशाखांतलें लग्न, होमाचा धूर, मुंडावळ्या, वर नऊवारीचा भार. अशा स्थितींत सप्तपदी आटोपल्यावर, सकाळच्या रंगाला पांच-सहा तास उलटल्यानंतर, नवरीचें एक चित्र घ्यावें व खालीं वेळ लिहावी. तिनें तसें केलें. आज तिच्या वहींतलें पहिलें चित्र तेंच आहे, आणि नव्या नवऱ्यामुलीच्या आया त्यावर बोट ठेवून दिवस विचारतात.

नवशिक्याजवळ चित्रेंच नसतात, ही अडचण खरी आहे. त्यावर धंद्यांत एक जुनी तोड आहे. नवखा छायाचित्रकार, नवखी मॉडेल आणि नवखा रंगभूषाकार यांनीं एकत्र यावें, कोणी कोणाला पैसे देऊं नयेत, आणि चित्रें तिघांनीं वांटून घ्यावींत. मात्र चित्रें कोणी कोठें वापरावयाचीं हें आधीं कागदावर लिहून घ्यावें, आणि चित्राखालीं तिघांचीं नांवें घालावींत.

कोणी म्हणेल, मग बाकीचें शिकूंच नये काय? अवश्य शिकावें. भूतही करावें, म्हाताराही करावा, रबराची जखमही लावून पाहावी. हात मोकळा होण्याला त्याचा उपयोग होतो. फक्त तें पिकेपर्यंत वहींत घालूं नये. पिकलें, आणि त्या कामाला गिऱ्हाईक आहे असें दिसलें, तर त्याची वही निराळी करावी. लग्नघरीं एक दप्तर न्यावें, नाटक कंपनींत दुसरें.

दर सहा महिन्यांनीं वही उघडून बसावें. मॉडेलनें केस कापले असतील, वजन कमीजास्त झालें असेल, तर जुनीं चित्रें त्याच दिवशीं काढावींत. रंगभूषाकारानें नवें एक चित्र घालतांना जुनें एक काढावें. काढलेलीं चित्रें फेकण्याचें कारण नाहीं. तीं घरच्या ट्रंकेंत राहूं द्यावींत, आजीला दाखवावयास तीं फार चांगलीं असतात.