पातं एक, पाणी भरपूर

सकाळी आठची लोकल गाठायची असेल तर दाढीला चार मिनिटं मिळतात. त्या चार मिनिटांत माणूस कॅनमधला फेस गालाला फासतो, पाच पात्यांचं रेझर फिरवतो आणि मग दिवसभर हनुवटीखालची आग सोसतो. दोष ब्लेडवर जातो. पुढच्या महिन्यात आणखी महागडं कार्ट्रिज घरात येतं. पण खरी गोम अशी की त्याने केस भिजूच दिलेले नसतात.

दाढीचा केस केराटिन या प्रथिनाचा. कोरडा असताना तो चिवट असतो. आत पाणी शिरलं की प्रथिनाच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध सैल होतात, केस फुगतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. याला दोन-तीन मिनिटं तरी लागतात, आणि त्याआधी चेहऱ्यावरचा तेलकटपणा धुऊन काढावा लागतो. आंघोळ करून दाढी करणाऱ्यांचं अर्धं काम म्हणूनच आधीच झालेलं असतं. बिनपाण्याने हजामत करण्याला आपल्याकडे शिक्षेचाच दर्जा आहे, तो उगीच नाही.

भिजलेला केस दाढी होईपर्यंत भिजलेला ठेवायचं काम साबणाचं. अंगाचा साबण इथे चालत नाही. त्याचा फेस भसाभस येतो आणि तिसऱ्या हाताला बसतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचा वाटा मोठा असतो. शिवाय तो बनवताना सोडियम हायड्रॉक्साइडच्या जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइडही वापरतात, त्यामुळे साबण मऊ राहतो आणि पाण्यात पटकन विरघळतो. खोबरेल तेल बुडबुडे लवकर उठवतं, स्टिअरिक आम्ल ते दाट करून टिकवतं आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं.

फेस करणं हे हाताचं काम, ते वाचून जमत नाही; तरी सांगतो. ब्रश कोमट पाण्यात भिजवून दोनदा झटकायचा आणि साबणावर अर्धा मिनिट फिरवायचा. सुरुवातीला नुसता चिकट लगदा दिसतो. तो गालावर घेऊन ब्रश गोल गोल फिरवत राहायचं आणि मधून मधून ब्रशचं टोक पाण्याला लावायचं. मोठे बुडबुडे दिसले तर हवा जास्त आणि साबण कमी. फेस पिठूळ दिसून जागच्या जागी वाळायला लागला तर पाणी कमी. योग्य फेस दह्यावरच्या सायीसारखा असतो: दाट, किंचित चकाकणारा, बुडबुडा न दिसणारा. बहुतेकांचा फेस कोरडा असतो, कारण आरशात भरघोस दिसतो म्हणून ते तिथेच थांबतात. अजून थोडं पाणी घाला, तो पसरट दिसू लागेल, पण पातं त्याच्यावरून घसरत जाईल.

ब्रश बॅजरच्या केसांचा, डुकराच्या केसांचा, घोड्याच्या केसांचा किंवा कृत्रिम धाग्यांचा मिळतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात केस नीट निर्जंतुक न केलेल्या स्वस्त ब्रशांमुळे ब्रिटन-अमेरिकेत काही जणांना अँथ्रॅक्स झाला होता. आज ती भीती नाही. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र मी कृत्रिम धाग्यांचाच ब्रश सुचवेन. तो लवकर वाळतो आणि त्याला कुबट वास येत नाही.

आता पातं. किंग कँप जिलेट हा बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या क्राउन कॉर्क कंपनीचा फिरता विक्रेता. बुचाचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला होता की एकदा वापरून फेकून देतात असं काहीतरी शोध, गिऱ्हाईक परत परत येईल. 1895 मध्ये त्याला पातळ पत्र्याच्या ब्लेडची कल्पना सुचली. इतक्या पातळ पोलादाला धार टिकेल असं पाणी देता येणार नाही, असं जाणकार सांगत होते. विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवून दाखवलं. 1903 या विक्रीच्या पहिल्या वर्षात 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. पुढच्या वर्षी रेझरांचा आकडा 90 हजारांवर गेला आणि नोव्हेंबर 1904 मध्ये पेटंटही मिळालं.

त्या रेझरची खुबी पात्यात कमी आणि ते पकडण्यात जास्त आहे. ब्लेडची जाडी जेमतेम 0.1 मिलिमीटर. नुसतं हातात धरलं तर लवतं, थरथरतं. रेझरच्या वरच्या झाकणाला बाक असतो. दांडा पिळला की ब्लेड त्या बाकावर ताणून बसतं आणि वाकल्यामुळे ताठ होतं. खालची पट्टी कातडी थोपवते, धार फक्त निसटती बाहेर राहते. गालाशी साधारण तीस अंशांचा कोन धरायचा आणि जोर अजिबात लावायचा नाही. रेझरचं वजन पुरतं. कार्ट्रिजची सवय झालेला माणूस इथेच कापून घेतो, कारण दाबून फिरवायचं त्याच्या हातात बसलेलं असतं. आधी सुलटा हात, मग पुन्हा साबण लावून आडवा. उलटा हात पहिले काही दिवस विसरायचाच.

पुढे दोन पाती आली 1971 मध्ये, तीन 1998 मध्ये, पाच 2006 मध्ये. एक पातं केस ओढतं, दुसरं तो खाली कापतं, हा त्यामागचा हिशोब. ज्यांचे केस सरळ त्यांना ते मानवतं. ज्यांचे कुरळे, त्यांचा कातडीखाली कापला गेलेला केस वाढताना आतल्या आत वळतो आणि पुळ्या येतात. अशांना एकच पातं बरं, असं त्वचारोगतज्ज्ञही सांगतात.

एवढं कठीण पोलाद मऊ केसापुढे बोथट का होतं, याचं उत्तर 2020 मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली शोधलं. केस पोलादाहून सुमारे पन्नास पट मऊ असतो. तरी धार नुसती झिजत नाही, तिचे कपचे उडतात. केस वाकून कोनात कापला गेला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची आतली रचना असमान असली की बारीक तुकडा निघतो. पूर्वी घरोघरी काचेच्या ग्लासात ब्लेड आतून घासून चार दिवस जास्त चालवायचे. त्याने उडालेला कपचा भरून निघत नसे, पण ब्लेड कार्बन पोलादाचं, गंजणारं आणि पैसे मोजके असताना तेवढाही उपाय पुरे वाटायचा. स्टेनलेस ब्लेडांची लाट आली ती विल्किन्सन स्वोर्डने 1962 च्या सुमारास ती बाजारात आणल्यावर.

अमेरिका-युरोपात हे दुधारी ब्लेड मधली काही दशकं छंदिष्टांपुरतं उरलं. आपल्याकडे ते कधी गेलंच नाही, आणि याचं श्रेय सलूनला आहे. वस्तरा आता नावालाच वस्तरा. तो नुसता खोबणीचा दांडा असतो. कारागीर कागदासकट ब्लेड मधोमध वाकवून कट्कन मोडतो, अर्धं खोबणीत सरकवतो आणि उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकासाठी ठेवतो. ठाण्यात बनलेली सुपरमॅक्सची ब्लेडं जगभर गेली, ती याच जातकुळीची. आज असं ब्लेड काही रुपयांत मिळतं, तर परदेशी थाटाचं एक कार्ट्रिज सहज शंभराच्या वर जातं.

अर्थात बचत होईलच असं मानू नका. बचतीला सुरुंग लावतो तो साबणाचा वास. ज्याला आपण ‘सलूनचा वास’ म्हणतो त्याचं एक मूळ पॅरिसमध्ये आहे. उबिगां या अत्तरवाल्यांनी 1882 मध्ये फुजेर रोयाल बाजारात आणलं. लॅव्हेंडर, ओक झाडावरचं शेवाळी दगडफूल आणि कूमारिन असा त्याचा घाट. कूमारिन म्हणजे वाळक्या गवताचा गोडसर वास. विल्यम पर्किनने ते 1868 मध्ये प्रयोगशाळेत बनवलं होतं. पुढचे असंख्य दाढीचे साबण याच घाटावर उभे राहिले. फ्लॉरेन्सच्या प्रोरासोने निलगिरी आणि मेंथॉलची वाट धरली. आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याचा गारवा खरंच सुखावतो. चंदनाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या साबणांत अस्सल चंदन तेल क्वचितच असतं, ते फार महाग पडतं. तरी डबी उघडली की एक घ्यावीशी वाटते, मग दुसरी, आणि आरशाखालची फळी भरते.

दाढी झाली की गार पाणी आणि तुरटी. तुरटीचा खडा ओल्या गालावरून फिरवताना जिथे झोंबतो, तिथे आपला हात दाबला गेला होता. दुसऱ्या दिवशी तिथे हलकं जायचं.

राहता राहिलं वापरलेलं ब्लेड. अमेरिकेत आरशाच्या कपाटाला मागून फट असायची आणि ब्लेड थेट भिंतीच्या पोकळीत पडायचं. जुनी घरं पाडताना आजही गंजक्या ब्लेडांचे ढीग सापडतात. आपल्याकडे ते कागदात गुंडाळून कचऱ्यात जातं, कागद ओला होऊन सुटतो आणि कचरा वेगळा करणाऱ्याचा हात कापतो. पत्र्याचा रिकामा डबा घ्या, झाकणाला बारीक फट पाडा. एका माणसाला तो काही वर्षं पुरतो. भरला की फट चिकटपट्टीने बंद करा, वर ठळक अक्षरात ‘ब्लेड’ लिहा आणि कचरा नेणाऱ्याच्या हातात सांगून वेगळा द्या.