कुलपे तपासणाऱ्यांचे संमेलन

'हॅकर' हा शब्द कानी पडला की, दुसऱ्याच्या बँक खात्यावर डल्ला मारणारा कोणी भामटा सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. वृत्तपत्रांतून येणाऱ्या वार्ता पाहता हा समज अगदीच निराधार आहे, असे म्हणता येणार नाही. तथापि, हेच नाव अभिमानाने मिरविणाऱ्या लोकांचे एक जाहीर संमेलन जर्मनीत १९८४ पासून भरत आले आहे. तेथे चोरीचे धडे दिले जात नाहीत. समाजाने ज्या संगणकीय व्यवस्थांवर विश्वास टाकला आहे, त्या विश्वासास कितपत पात्र आहेत, याची तेथे उघड चर्चा होते.

आज सातबाराच्या उताऱ्यापासून निवृत्तिवेतनापर्यंत आणि शिष्यवृत्तीपासून ग्रामपंचायतीच्या देयकांपर्यंत शासनाचा फार मोठा व्यवहार संगणकावर आला आहे. अशा वेळी या संमेलनाची ओळख करून घेणे प्रशासनातील व्यक्तींना, शिक्षकांना आणि पंचायत सदस्यांना उपयुक्त ठरेल.

शब्दाचा मूळ अर्थ

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत आगगाड्यांच्या लहान प्रतिकृती बांधणाऱ्या विद्यार्थ्यांचे एक मंडळ होते. रुळांखालच्या तारांची गुंतागुंत एखाद्याने कल्पकतेने सोडविली, तर त्या युक्तीला ते 'हॅक' म्हणत. याच मंडळातील मुले पुढे संस्थेतील नव्या संगणकाकडे वळली आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला. यंत्र आतून कसे चालते, हे स्वतः उघडून पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही तो हॅकर, असा त्याचा मूळ अर्थ आहे. घड्याळ खोलून बसणारा मुलगा आपल्याकडे घरोघरी असतो, वृत्ती तीच.

बर्लिन येथे १२ सप्टेंबर १९८१ रोजी, 'टागेसत्साइटुंग' या दैनिकाच्या कार्यालयात, अशा काही मंडळींनी एकत्र येऊन 'केऑस कॉम्प्युटर क्लब' या संघटनेचा पाया घातला. वाउ हॉलंड हे तिच्या संस्थापकांपैकी एक प्रमुख होत. संगणक केवळ शासनाच्या व मोठ्या उद्योगांच्या हाती राहिला, तर नागरिक हा त्याच्या दृष्टीने नोंदवहीतील एक आकडा होऊन बसेल, ही चिंता या संघटनेच्या मुळाशी होती. ही चिंता केवळ त्यांचीच होती असेही नाही. पश्चिम जर्मनीच्या संघराज्य घटना न्यायालयाने जनगणनेविषयीच्या एका प्रकरणात १५ डिसेंबर १९८३ रोजी निर्णय दिला. आपल्याविषयीची माहिती कोणी व कशासाठी वापरावी, हे ठरविण्याचा अधिकार मूलतः व्यक्तीचाच आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले.

एका रात्रीचे देयक

त्या काळी पश्चिम जर्मनीच्या डाक खात्याने दूरध्वनीच्या तारेवरून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर माहिती पुरविणारी 'बिल्डशिर्मटेक्स्ट' ही सेवा सुरू केली होती. तीतील काही पाने पाहण्यास शुल्क पडे. व्यवस्था सुरक्षित आहे, अशी ग्वाही डाक खाते देत असे. नोव्हेंबर १९८४ मध्ये क्लबच्या सभासदांनी हँबुर्ग येथील एका बचत बँकेचा परवलीचा शब्द वापरून, आपलेच ९.९७ मार्क शुल्काचे एक पान रात्रभर यंत्राकरवी पुन्हा पुन्हा मागविले. सकाळपर्यंत बँकेच्या नावे सुमारे १,३५,००० मार्कांचे देयक तयार झाले. परवलीचा शब्द हाती कसा लागला, याविषयी क्लब आणि डाक खाते यांच्यात पुढे मतभेद राहिले. परंतु क्लबने ही रक्कम पदरात पाडून घेतली नाही. घडलेला प्रकार स्वतःहून पत्रकारांसमोर मांडला आणि पैसे परत केले.

पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९८४ मध्ये, हँबुर्ग येथे क्लबचे पहिले संमेलन भरले. नंतर ते बर्लिन, पुन्हा हँबुर्ग, मग लाइपत्सिश अशा शहरांत फिरले. महासाथीच्या काळातील खंडानंतर २०२३ मध्ये ते परत हँबुर्गला आले. नाताळ व नववर्ष यांच्या मधले चार दिवस हा त्याचा ठरलेला काळ होय. लाइपत्सिशच्या वर्षांत उपस्थिती सुमारे १७,००० पर्यंत पोहोचली होती.

या संमेलनाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. द्वारपालापासून स्वयंपाक्यापर्यंत बहुतेक कामे स्वयंसेवक करतात. त्यांना तेथे 'देवदूत' म्हणतात. कोणाचेही छायाचित्र त्याच्या संमतीवाचून घ्यावयाचे नाही, असा दंडक आहे. एका दालनात दूरसंचार यंत्रणेतील उणिवांवर व्याख्यान चालू असते, दुसऱ्यात नागरिकांवर ठेवल्या जाणाऱ्या पाळतीवर कायदेपंडित बोलत असतात, तर एखाद्या कोपऱ्यात मुले तारा जोडून दिवे लावीत बसलेली असतात. बहुतेक व्याख्यानांची ध्वनिचित्रमुद्रणे नंतर सर्वांना विनामूल्य खुली केली जातात.

मतदाराला कळले पाहिजे

या मंडळींच्या तपासणीचा सार्वजनिक जीवनावर किती खोल परिणाम होऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण मतदान यंत्रांचे आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये नेदरलँड्समधील एका नागरिक गटाने तेथे वापरात असलेल्या 'नेडाप' बनावटीच्या यंत्रातील आज्ञावली काही मिनिटांत बदलता येते, हे दूरचित्रवाणीवर दाखवून दिले. त्या देशाने पुढे कागदी मतपत्रिकेचा मार्ग पुन्हा पत्करला. जर्मनीत याच बनावटीच्या यंत्रांवर २००५ च्या निवडणुकीत सुमारे २० लाख मतदारांनी मतदान केले होते. तेथे दोघा नागरिकांनी केलेल्या तक्रारीच्या सुनावणीत केऑस कॉम्प्युटर क्लबच्या तज्ज्ञांचे मत न्यायालयापुढे आले.

संघराज्य घटना न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी त्या यंत्रांचा वापर घटनाबाह्य ठरविला. गैरप्रकार झाल्याचा पुरावा नसल्याने निवडणूक मात्र रद्द केली नाही. निर्णयाचे सार असे की, निवडणुकीतील महत्त्वाच्या पायऱ्या विशेष तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकासही पडताळून पाहता आल्या पाहिजेत. तज्ज्ञ सांगतात म्हणून विश्वास ठेवा, एवढे लोकशाहीत पुरेसे नाही.

आपल्या देशातील मतदान यंत्रे निराळ्या रचनेची आहेत. पण पडताळणीचा विचार येथेही झाला. सर्वोच्च न्यायालयाने ८ ऑक्टोबर २०१३ रोजी मतदारास दिसणाऱ्या कागदी चिठ्ठीची आवश्यकता अधोरेखित केली. त्याआधीच सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडमधील नोकसेन मतदारसंघात अशा यंत्राचा प्रथम वापर झाला होता. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत ही चिठ्ठी देशातील सर्व मतदान केंद्रांवर आली.

अंगठ्याचा ठसा

दुसरे उदाहरण आपल्या ग्रामीण जीवनास अधिक जवळचे आहे. मार्च २००८ मध्ये क्लबने आपल्या नियतकालिकात जर्मनीचे तत्कालीन गृहमंत्री वोल्फगांग शॉयब्ल यांच्या बोटाचा ठसा छापला. तो त्यांनी वापरलेल्या पाण्याच्या पेल्यावरून मिळविलेला होता. २०१४ च्या संमेलनात तर तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेअर लायेन यांच्या हाताच्या छायाचित्रांवरूनच ठसा सिद्ध करता येतो, हे दाखविण्यात आले. परवलीचा शब्द चोरीस गेला तर बदलता येतो. बोट बदलता येत नाही. शिवाय माणूस आपले ठसे जाईल तेथे सोडीत असतो.

ही गोष्ट केवळ मंत्र्यांपुरती नाही. २०१८ मध्ये तेलंगण राज्यात मोबाइलची सिमकार्डे विकणाऱ्या एका इसमाने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तऐवजांवरून लोकांच्या अंगठ्यांचे ठसे उचलले आणि त्यांचे कृत्रिम साचे करून सिमकार्डे चालू केल्याचे पोलीस तपासात उघड झाले. खरेदीखतावर उमटविलेला अंगठा पिढ्यान्‌पिढ्या विश्वासाची खूण होता. तो दस्त संकेतस्थळावर जसाच्या तसा चढविला, तेव्हा ती खूण किल्लीसारखी कोणाच्याही हाती गेली. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. कागदाच्या जगातली पद्धत विचार न करता संगणकाच्या जगात नेली, इतकेच.

दोन कर्तव्ये

क्लबने आपल्या सभासदांसाठी जी आचारतत्त्वे मानली आहेत, त्यांतील एकाचा भावार्थ असा : सार्वजनिक माहितीचा उपयोग करावा आणि खाजगी माहितीचे रक्षण करावे. आपल्या कायद्यांतही या दोन बाजू आढळतात. महाराष्ट्राने २००२ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, ती पहिली बाजू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत केला, ती दुसरी बाजू.

व्यवहारात मात्र अनेकदा याच्या उलट घडते. कामाचे अंदाजपत्रक पाहू इच्छिणाऱ्यास हेलपाटे घालावे लागतात आणि लाभार्थींच्या आधार व बँक खाते क्रमांकांची यादी फलकावर सर्वांना वाचावयास मिळते. योजनेचा लाभ कोणास मिळाला, हे गावाला कळलेच पाहिजे; त्याचा खाते क्रमांक कळण्याचे कारण नाही.

मर्यादा आणि जबाबदारी

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हेतू चांगला असला तरी दुसऱ्याच्या संगणकात परवानगीवाचून शिरणे आपल्या कायद्यास मान्य नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ अन्वये नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जिज्ञासू विद्यार्थ्यांना शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे. त्याचबरोबर त्यांची जिज्ञासा दडपूही नये. स्वतःच्या यंत्रावर वा संमतीने दिलेल्या यंत्रावर शिकण्यास कोणाचीच आडकाठी नाही. आढळलेला दोष कळविण्यासाठी २००४ मध्ये स्थापन झालेली 'सर्ट-इन' ही राष्ट्रीय संस्था आहे. संगणकीय सुरक्षेचा भंग लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळवावे, असा तिचा २८ एप्रिल २०२२ चा आदेश शासकीय संस्थांनाही लागू आहे.

गावपातळीवर करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल म्हणजे प्रत्यक्ष सही होय. सह्या केलेले कोरे धनादेश आपण कोणाकडे सोपवीत नाही. मग डोंगल आणि त्याचा परवलीचा शब्द संगणक चालकाच्या खणात ठेवून जाणे कसे योग्य ठरेल? आधारमधील बोटांच्या ठशांची माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय उपलब्ध आहे, ती ग्रामसभेत समजावून सांगता येईल. खात्यातून पैसे परस्पर गेल्यास १९३० या क्रमांकावर तात्काळ दूरध्वनी करावा, हे फलकावर लिहिता येईल. ज्या वृद्धाचा ठसा यंत्र ओळखत नाही, त्याला हात हलवीत परत न पाठविता पर्यायी मार्गाने त्याचे काम करून देता येईल.

आणि एखादा तरुण कार्यालयात येऊन, "आपल्या संकेतस्थळावर लोकांचे खाते क्रमांक उघडे दिसत आहेत," असे सांगू लागला, तर त्याला दटावून घालवू नये. त्याचे म्हणणे लिहून घ्यावे, तारीख टाकावी आणि ते त्याच दिवशी वरिष्ठांकडे पाठवावे. बंधाऱ्याची गळती दाखविणाऱ्याला गाव शत्रू मानीत नाही. ती वेळीच बुजली, तर खालच्या शेतांचे पाणी वाचते.